पॉइंट काढले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि आरपीएमचा काटा झोपला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे दोन जुन्या गाड्या आहेत. एक १९७०ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणि दुसरी बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीला मूळचा आरपीएम मीटर नव्हता. मी कॉलेजात असताना हौसेने डॅशबोर्डखाली बाहेरचा लावला. पुढे दोन्ही गाड्यांचं इग्निशन बदललं, म्हणजे पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे-जोडणारे संपर्क) काढून तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावलं, आणि दोन्ही वेळा मीटरने मान टाकली. कारणं मात्र अगदी वेगळी निघाली. तेव्हापासून पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी बॉनेट उघडं दिसलं की कोणी ना कोणी येऊन तेच प्रश्न विचारतं. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं (आरपीएम) हे दाखवणाऱ्या मीटरला टॅकोमीटर म्हणतात, पण तो कागदावरचा शब्द. खाली मी आरपीएम मीटर किंवा नुसतं मीटर म्हणेन. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग; त्याला तुमचा मिस्त्री डेल्को म्हणत असेल तर तोही तोच.

इग्निशनचं काम झालं आणि काटा शून्यावरून हलत नाही. मीटर जळला का?

बहुधा नाही. सकाळपर्यंत चालणारा मीटर नेमका संध्याकाळी गाडी गॅरेजमधून आल्यावर बंद असेल, तर कामाच्या वेळी एखादी वायर हलली, सुटली किंवा भलत्या जागी गेली, असंच आधी धरून चाला. मीटर खोलायची घाई करू नका. जुन्या मीटरची कड, काच, काटा यांतलं काहीतरी खोलताना हमखास मोडतं आणि दुखणं दुसरीकडेच निघतं.

मीटर काय करतो हे कळलं की निम्मं काम होतं. इंजिनाचे फेरे त्याला दिसत नाहीत, तो ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे ३००० आरपीएमला मिनिटाला ६०००, सेकंदाला १००. प्रत्येक ठिणगीमागे आतलं सर्किट काट्याला करंटचा ठरलेल्या मापाचा एक घोट पाजतं. घोट भराभर आले की काटा वर, सावकाश आले की खाली. इग्निशन बदललं म्हणजे ठिणगीचा इशारा बदलला. मीटर तोच आहे, त्याच्या कानावर पडणारा आवाज वेगळा झाला आहे.

एक अपवाद. एमजीएसारख्या, एमजीबीच्याही आधीच्या गाड्यांत मीटर केबलवर चालतो. त्याला इग्निशनशी काही देणंघेणं नाही. तो बंद असेल तर केबल पाहा.

माझा मीटर कुठल्या जातीचा, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात.

विजेवर चालणारे जुने मीटर दोन जातींचे. एक करंट ऐकणारा. इग्निशन स्विचकडून कॉइलकडे (बारा व्होल्टांतून ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवणारा भाग) जाणारी वायर या मीटरमधून वळसा घेऊन जाते, आणि त्या वायरमधला करंट तुटला-जुळला की मीटरला ठिणगी समजते. दुसरा व्होल्टेज ऐकणारा. कॉइलच्या ज्या टोकाला पॉइंटची वायर असते त्याच टोकावरून एक बारीक वायर मीटरकडे जाते.

स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरवर ओळख डायलवरच छापलेली असते. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत आरव्हीआय (RVI) असेल तर करंटवाला, आरव्हीसी (RVC) असेल तर व्होल्टेजवाला. चष्मा लावून बघा, अक्षरं मुंगीएवढी असतात. एमजीबीत साधारण १९७२पर्यंत आरव्हीआय आणि पुढे आरव्हीसी, पण पन्नास वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही, म्हणून सालावर जाऊ नका, डायल वाचा. पद्मिनीसारख्या गाडीला बाहेरून लावलेले मीटर जवळपास सगळे व्होल्टेजवाले.

डायलवर काहीच नसेल तर मागे पाहा. एकसारख्या रंगाच्या दोन जाड वायर असतील, किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्याभोवती वायरचा वळसा असेल, तर करंटवाला.

मीटर आरव्हीआय आहे. गाडी मस्त चालते, पण काटा हलत नाही.

माझ्या एमजीबीची गोष्ट हीच. ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटसोबतचा कपॅसिटर) काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवून झालं होतं. वायरिंग करणाऱ्याने सांगितलं, ‘साहेब, मॉड्यूलला फुल बारा व्होल्ट पाहिजे, मी डायरेक्ट दिलाय.’ गाडी अर्ध्या सेल्फला चालू. मी खूश. सोसायटीच्या गेटपर्यंत आलो तेव्हा कळलं की काटा शून्यावर चिकटलाय.

रात्री टॉर्च दातात धरून डॅशबोर्डखाली घुसलो. मीटर धरून ठेवणारे दोन नट सोडले आणि तो वायरींवर लोंबकळत बाहेर आला. मागे दोन पांढऱ्या वायर, एकीच्या टोकाला बुलेट (गोल पिन), दुसरीच्या टोकाला सॉकेट. दोन्ही रिकाम्या हवेत. आणि हार्नेसमधून, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्यातून, आलेल्या दोन पांढऱ्या वायर एकमेकींत खुपसून वर नीट टेप मारलेली. त्याने केलं होतं ते इतकंच. मीटरची टोकं एक नर आणि एक मादी असल्यामुळे हार्नेसची टोकंही तशीच असतात, आणि ती आपसात सहज जुळतात. करंट मीटरला वळसा न घालता थेट कॉइलला गेला. इंजिनाला फरक पडायचं कारण नाही, मीटर मात्र उपाशी.

टेप सोडली, चारही टोकांवरचा हिरवा गंज बारीक पॉलिश पेपरने घासला, जोड्या परत लावल्या. मुलाला ॲक्सिलरेटरवर बसवलं. काटा एकदा थबकला आणि ९००वर येऊन उभा राहिला.

तेव्हा आरव्हीआयवाल्यांनी आधी हे बघावं: कॉइलला कोणी स्विचवरून किंवा रिले टाकून नवी वायर थेट दिली आहे का? असेल तर कॉइलचा करंट पुन्हा मीटरमधून फिरवा. मॉड्यूलची स्वतःची बारीक वायर थेट स्विचवरून घेतली तरी चालते, पण कॉइलची मीटरमधूनच गेली पाहिजे.

वळसा बाहेर प्लास्टिकच्या ठोकळ्यात असेल तर वायर मूळ दिशेनेच गेली पाहिजे. उलटी गेली तर काटा एकतर हलत नाही किंवा भलतंच सांगतो. ठोकळ्याची पट्टी ढिली राहिली तरीही तेच.

वळसा बरोबर आहे, तरी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावल्यापासून काटा अर्धवट चालतो. ३०००पर्यंत ठीक, पुढे कोसळतो.

पॉइंट करंट तोडतात तेव्हा तो झटकन तुटतो. काही मॉड्यूल करंट वेगळ्या पद्धतीने चढवतात आणि उतरवतात. आरव्हीआय मीटर त्या झटक्यावरच जगतो. झटका मिळमिळीत झाला की काही ठिणग्या त्याला ऐकूच येत नाहीत, आणि काटा पडतो. बाहेरचा वळसा असलेल्या मीटरमध्ये एकाऐवजी दोन वळसे देऊन पाहतात, म्हणजे इशारा मोठा होतो. काटा उलट जास्त दाखवत असेल किंवा उड्या मारत असेल तर वळसा कमी करून पाहायचा. वायर त्याच जाडीची घ्या. त्यातून कॉइलचा सगळा करंट, म्हणजे चारेक अँपियर, जातो.

वळसा आत असलेल्या मीटरमध्ये हा खेळ करता येत नाही. तिथे तीन मार्ग उरतात: मॉड्यूल बदला, पॉइंटवर परत जा, किंवा आतलं सर्किट बदलून घ्या. त्याबद्दल शेवटी.

पद्मिनीला बाहेरचा मीटर आहे. इशाऱ्याची वायर कॉइलच्या कुठल्या टोकाला?

पॉइंटकडे, म्हणजे आता मॉड्यूलकडे, जाणारी वायर ज्या टोकाला आहे त्याच टोकाला. निगेटिव्ह अर्थ गाडीत (बॅटरीचं वजा टोक बॉडीला जोडलेलं) कॉइलवर त्या टोकाला वजाचं चिन्ह असतं. बॉशच्या कॉइलवर १ लिहिलेलं असतं आणि स्विचकडून येणाऱ्या टोकाला १५. ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या कॉइलवर सीबी आणि एसडब्ल्यू अशी अक्षरं असतात, त्यातलं सीबी आपलं.

चुकून दुसऱ्या टोकाला लावली तर मीटर जळत नाही, फक्त गप्प राहतो. तिथे कायम बारा व्होल्ट असतात, चढउतारच नाही, मग मोजणार काय? पद्मिनीत माझ्याकडून हेच झालं होतं. नवी कॉइल बसवताना ती उलटी फिरवून क्लँप केली आणि वायर डोळ्यांच्या सवयीने ‘डावीकडच्या’ टोकाला लावली. दोन दिवस डोकं खाजवलं.

बाकीच्या वायर बहुतेक मीटरवर अशा असतात: लाल बारा व्होल्टला, काळी अर्थला, पांढरी डायलच्या दिव्याला, हिरवी इशाऱ्याला. पण ल्युकसच्या जुन्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे फ्यूजमधून आलेला स्विचचा करंट आणि पांढरी म्हणजे फ्यूजशिवायचा. दोन्ही रंगसंगती एकाच डॅशबोर्डखाली भेटल्या की मोठा गोंधळ होतो. रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावा.

काटा दुप्पट दाखवतो. किंवा बरोब्बर निम्मं.

बरोब्बर हा शब्द महत्त्वाचा. बरोब्बर निम्मं असेल तर मीटरच्या मागचा सिलिंडरचा स्विच ८वर आहे आणि गाडी चार सिलिंडरची. सहा सिलिंडरच्या गाडीवर ४चा स्विच असेल तर दीडपट दाखवणार. काम करताना मागे हात घातला की तो स्विच अलगद सरकतो.

स्विच ठीक असेल आणि तरी दुप्पट किंवा दुपटीच्या आसपास घुटमळत असेल, तर मीटर एका ठिणगीला दोनदा मोजतोय. पॉइंट उघडले की कॉइलच्या त्या टोकावर क्षणभर दोनशे-तीनशे व्होल्ट चढतात आणि मग घंटा वाजवल्यासारखी लहर हळूहळू विरत जाते. कंडेन्सर त्या लहरीला आवर घालतो. तो काढून मॉड्यूल लावलं की लहरीचं वळण बदलतं, आणि काही मीटरना दुसरा हेलकावाही ठिणगीच वाटतो. व्होल्टेजवाल्या इलेक्ट्रॉनिक मीटरला यावर सोपा उपाय आहे: इशाऱ्याच्या वायरमध्ये १० किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर. फरक पडला पण पुरला नाही तर २२ किलोओहम. काटा कमी दाखवू लागला किंवा वरच्या आरपीएमला पडू लागला तर जास्त झाला, एक पायरी मागे या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हे रेझिस्टर चिल्लरच्या भावात मिळतात, चार-पाच वेगवेगळ्या ओहमचे घेऊनच या. टोकं नीट सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा.

काटा थरथरतो, उड्या मारतो.

इथे कारणांची रांग आहे, आणि मी ती याच क्रमाने तपासतो.

पहिलं अर्थ. मीटरची काळी वायर बहुतेक वेळा मागच्या कंसाच्या नटाखाली असते. डॅशबोर्ड खोललेला असेल तर तो नट परत आवळताना वायरची रिंग बाहेर राहते. मुंबईच्या खाऱ्या हवेत तर ती आत असूनही गंजते. वेगळी काळी वायर थेट बॅटरीच्या अर्थला लावून पाहा. काटा शांत झाला तर सापडलं.

दुसरं प्लगच्या वायर. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला तांब्याच्या साध्या प्लग वायर लावल्या तर त्या रेडिओच्या अँटेनासारखं काम करतात. रेझिस्टन्सवाल्या वायर किंवा ५ किलोओहमच्या प्लग कॅप लावा. आणि मीटरची इशारा वायर प्लग वायरींच्या जुडग्यातून नेऊ नका. ‘स्वच्छ दिसतं’ म्हणून सगळ्या वायरी एकाच टायमध्ये बांधणारे मिस्त्री मला माहीत आहेत.

तिसरं डिस्ट्रिब्युटर स्वतः. पॉइंट ठेवले असतील तर गॅप बघा. ल्युकसच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आणि ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) ६० अंशांच्या आसपास. चारही कॅमवर गॅप वेगवेगळा भरत असेल तर शाफ्टचा बुश गेला आहे. शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवा. ठकठक लागली तर मीटरचा दोष नाही. हाच शाफ्ट मॉड्यूललाही चकवतो.

चौथं, कॉइलवर कोणीतरी रेडिओची खरखर घालवायला लावलेला कंडेन्सर. तो स्विचकडच्या टोकाला असेल तर राहू द्या. मॉड्यूलकडच्या टोकाला असेल तर काढा.

मीटर जोडला की गाडी स्टार्टच होत नाही.

जातीवर अवलंबून आहे. व्होल्टेजवाल्या मीटरच्या आत शॉर्ट झाला असेल किंवा त्याची वायर कुठे बॉडीला घासून सोलली असेल, तर ती कॉइलच्या टोकाला कायमचं अर्थ करून ठेवते. कॉइलला सोडायला मिळतच नाही, ठिणगी कुठून येणार? कॉइलवरची मीटरची वायर काढा. गाडी चालू झाली तर निदान झालं. रस्त्यात मिसिंग होऊन गाडी बंद पडली आणि आरपीएम मीटर असेल, तर मी सगळ्यात आधी हीच वायर उपटतो.

आरव्हीआयमध्ये उलटं. तिथे कॉइलचा सगळा करंट मीटरच्या वळशातून जातो, म्हणून एखादी बुलेट ढिली झाली की गाडी बंद. खड्ड्यात आदळली की बंद पडते आणि पुन्हा चालू होते, असं असेल तर पेट्रोल पंप बदलण्याआधी मीटरमागे हात घाला. वळशाच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरने शून्याजवळ ओहम दिसले पाहिजेत.

बॅलास्ट रेझिस्टरचा आणि मीटरचा काय संबंध?

साधी कॉइल ३ ओहमच्या आसपास असते. बॅलास्ट म्हणजे कॉइलचा करंट आवरणारा वेगळा रेझिस्टर; त्याच्यासोबतची कॉइल दीडेक ओहमची आणि उरलेला दीड ओहम बाहेरच्या रेझिस्टरमध्ये किंवा हार्नेसमधल्या गुलाबी रेझिस्टन्स वायरमध्ये. मीटरचा मुख्य बारा व्होल्ट चुकून बॅलास्टच्या पलीकडून घेतला तर त्याला सहा ते नऊ व्होल्टच मिळतात, तेही इंजिनाबरोबर डुलणारे. मग काटा आळशीपणाने चालतो. स्विचच्या बाजूने घ्या.

आणि कृपा करून इलेक्ट्रॉनिकसाठीची ओहमभराची कॉइल पॉइंटवर चढवू नका. पॉइंट लवकर काळे होतील.

काटा एकदा वर, एकदा खाली, घड्याळासारखा मंद लयीत हलतो.

मीटरचा बारा व्होल्ट हिरव्या वायरऐवजी फिकट हिरव्या वायरवरून घेतला आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत पेट्रोल आणि तापमानाच्या मीटरना एक छोटी डबी साधारण १० व्होल्ट देते, आणि ती हे काम करंट तोडून-जोडून करते. ते दोन मीटर इतके मंद की त्यांना कळत नाही. आरपीएम मीटरला लगेच कळतं. त्याला डबीच्या आधीची गडद हिरवी पाहिजे.

इंडिकेटर किंवा हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर मात्र पुन्हा अर्थच.

गाडी पॉझिटिव्ह अर्थ होती, आता निगेटिव्ह केली. मीटरचं काय?

थांबा. बॅटरी उलटी करण्याआधी हे वाचलं असेल तर बरं. एमजीबी १९६७पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ होती, मार्क २ आली तेव्हा निगेटिव्ह झाली. पॉझिटिव्ह अर्थचा स्मिथ्स मीटर न बदलता उलट्या बॅटरीला जोडला की आतला ट्रान्झिस्टर जातो. मीटरच्या आतल्या दोन जोडण्यांची अदलाबदल करावी लागते, म्हणजे करंटची बाजू मीटरच्या धातूच्या डब्याकडे आणि डब्याची करंटकडे, आणि वळशाची दिशा उलटी. सोल्डरिंगचा हात असेल तर तासाभराचं काम. डायलवर पॉझिटिव्ह की निगेटिव्ह अर्थ हे बहुतेक वेळा छापलेलं असतं. कॉइलच्या वायरीही अदलाबदल करा, नाहीतर गाडी चालेल पण ठिणगी उलट्या दिशेची आणि अशक्त पडेल.

सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणारा) किंवा मल्टिस्पार्क (एकेका वेळी अनेक ठिणग्या देणारा) बॉक्स लावला आहे.

कॉइलच्या टोकावरून इशारा अजिबात घेऊ नका. तिथे आता चारशे व्होल्टच्या वर जातं आणि मीटर तिथल्या तिथे मरतो. बॉक्सवर आरपीएम मीटरसाठी वेगळं टोक असतं, तेच वापरा. आरव्हीआय मीटरला तेही पुरत नाही. त्यासाठी बॉक्स बनवणाऱ्याचा ॲडॉप्टर घ्यावा लागतो.

मीटर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) आधी ८०० दाखवायचा, आता ११००. बिघडला का?

कदाचित मीटरच खरा आहे. मॉड्यूल बसवलं की ठिणगीची वेळ थोडी सरकते. ॲडव्हान्स वाढला, म्हणजे ठिणगी आणखी लवकर पडू लागली, की आयडल खरोखर वाढतो. स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून टायमिंग पुन्हा सेट करा, मग कार्ब्युरेटरचा आयडल स्क्रू. मीटरला त्यानंतरच दोष द्या. टायमिंग न बघता मीटर कॅलिब्रेट करून घेतलेले दोघेजण माझ्या ओळखीचे आहेत. टायमिंग नंतर बरोबर लागलं आणि मीटर परत चुकीचा.

मीटर बरोबर सांगतोय की नाही, घरच्या घरी कसं बघायचं?

सोपा मार्ग, आरपीएम दाखवणारा ऑटो मल्टिमीटर किंवा स्ट्रोब. ते नसेल तर रस्ता आणि फोन. ओव्हरड्राइव्ह (टॉपच्याही वरचा जास्तीचा गिअर) नसलेल्या एमजीबीला टॉप गिअरमध्ये १००० आरपीएमला ताशी साधारण २९ किलोमीटर मिळतात. रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर शेजारच्याच्या हातात जीपीएसचा फोन द्या आणि ५८ला स्थिर धरा. काटा २०००च्या जवळ हवा. १००-१५०चा फरक सोडून द्या, टायर झिजलेलेही असतात. टॉप गिअर थेट, म्हणजे १:१ असलेल्या दुसऱ्या गाडीसाठी हिशोब असा: ताशी किलोमीटरला १००० ने गुणा, ६० ने भागा, मग चाकाच्या परिघाने मीटरमध्ये भागा आणि मागच्या ॲक्सलच्या रेशोने गुणा. परीघ मोजायला चाकावर खडूची खूण करा आणि गाडी एक फेरा ढकला. हे वॉचमनला आधी समजावून सांगा, नाहीतर तोही मदतीला धावतो आणि दीड फेरा होतो.

टेबलावर तपासायचं असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा फायदा घेता येतो. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपुढे ब्रिज रेक्टिफायर लावला, फिल्टरचा कपॅसिटर न लावता, की सेकंदाला १०० ठोके मिळतात. चार सिलिंडरच्या मीटरवर ते ३०००, सहाच्या २०००, आठच्या १५००. हे फक्त व्होल्टेजवाल्या मीटरसाठी, आणि त्यातही काहींना एवढा इशारा पुरत नाही. घरातली २३० व्होल्टची वायर मीटरपर्यंत येता कामा नये, हे सांगायला नको, पण सांगतो.

माझी पद्मिनी डिझेल आहे.

मग ठिणगीच नाही. आल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकावरून इशारा घेणारा मीटर लागेल. पेट्रोलचा लावून वेळ घालवू नका.

तपासताना काय सांभाळायचं?

इंजिन बंद ठेवून किल्ली चालू स्थितीत सोडून जाऊ नका. कॉइल तापते, आणि काही मॉड्यूल तर दहा-पंधरा मिनिटांत कायमचे जातात. मीटरमागे हात घालण्याआधी बॅटरीचं अर्थ काढा, कारण जाड पांढऱ्या वायरला फ्यूज नाही. स्टिल्ट पार्किंगमध्ये कोपऱ्यात गाडी लावून इंजिन चालू ठेवू नका, गाडी उघड्यावर काढा.

मुंबईत सामान आणि दुरुस्ती कुठे?

रेझिस्टर, कपॅसिटर, मल्टिमीटर यांसाठी लॅमिंग्टन रोड. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, प्लग वायर ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअरच्या दुकानांत. जुना मीटर हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पण तिथे डायलवरची अक्षरं वाचून घ्या. आरव्हीआय हवा असताना आरव्हीसी घेऊन आलेला मी एकटाच नसेन. पद्मिनीच्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, आणि पॉइंटचा गॅप कानाने ओळखणारे मिस्त्रीही आता साठीपलीकडे आहेत. तुमच्याकडे असा कोणी असेल तर त्याला चहा पाजत राहा.

शेवटी सगळं तपासलं. मीटरच गेला आहे. आतलं नवं सर्किट बसवू की दुसरा मीटर घेऊ?

साठ-सत्तरच्या दशकातल्या मीटरच्या आत कपॅसिटर सुकलेले असतात आणि रेझिस्टरचे ओहम सरकलेले. कधीकधी दोन कपॅसिटर बदलून आणि आतला छोटा स्क्रू फिरवून मीटर पूर्ववत होतो. मी आधी ते करून बघेन. बाहेरची कड हलक्या हाताने फिरवली की खाचांमधून सुटते; काटा मात्र उपटू नका.

ते जमलं नाही तर आजकाल छोटे तयार बोर्ड मिळतात, जे जुन्या डायलमागे बसतात आणि आरव्हीआयचा मीटर कॉइलच्या टोकावरून इशारा घेऊ लागतो. मग हार्नेसच्या दोन पांढऱ्या वायर एकमेकींना जोडायच्या, माझ्या वायरिंगवाल्याने केलं तशाच, फक्त या वेळी जाणूनबुजून. बाहेरून काही दिसत नाही. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांखाली व्हीए (विंटेज गाड्यांची) नोंदणी घ्यायची असेल तर गाडी मूळ रूपात हवी असते. तिथे चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांचा प्रश्न येतो. मला विचाराल तर मूळ सर्किट पिशवीत घालून, वर तारीख लिहून, टूलबॉक्समध्ये ठेवा. माझं तिथेच आहे, वायपरच्या जुन्या मोटरशेजारी.